कॅमेऱ्यातला निर्णय कुणाचा?

कॉलेजच्या कुठल्याही फोटोग्राफी क्लबात जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. 'हा ना, फुल मॅन्युअलवर काढलाय!' सांगणाऱ्याची मान जरा ताठ झालेली असते आणि ऐकणारा ऑटोवाला उगाच ओशाळतो. जणू कॅमेऱ्यावरची ती गोल चकती म्हणजे गुणपत्रिकाच. 'एम' म्हणजे डिस्टिंक्शन, 'ए' आणि 'एस' म्हणजे फर्स्ट क्लास, 'पी' म्हणजे काठावर पास आणि हिरवा ऑटो म्हणजे थेट एटीकेटी.

पण मॅन्युअलवर काढलेले कितीतरी फोटो खरं तर ऑटोच असतात. कसे ते बघा. डोळा व्ह्यूफाइंडरला लावायचा, मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत चकती फिरवायची आणि क्लिक करायचं. काटा मध्यावर आणायचं काम कॅमेरा स्वतः डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. तेच काम तुम्ही बोटांनी, जास्त वेळ घेऊन केलंत, एवढंच. निर्णय मीटरचाच राहिला. तुम्ही नुसती हमाली केलीत.

मोड निवडणं म्हणजे कामाची वाटणी करणं. या फोटोत कोणती गोष्ट मी ठरवणार आणि कोणती यंत्रावर सोपवणार, एवढाच तो प्रश्न आहे. ही वाटणी समजून घ्यायची असेल तर मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यासारखा मास्तर नाही. त्याच्याकडे घाई चालत नाही, चुकीची किंमत लगेच कळते आणि 'नंतर बघू' म्हणायची सोय जवळपास नसते. गेल्या काही वर्षांत फिल्मकडे पुन्हा वळलेली तरुण मंडळी ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. तुमच्यापैकीही कुणी आजोबांच्या कपाटातून जुना कॅमेरा बाहेर काढला असेल, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

चौकोनी फोटोंचं घराणं

आधी हा मीडियम फॉरमॅट म्हणजे काय ते थोडक्यात. आपण ज्याला 'रोल' म्हणतो ती ३५ मिलिमीटरची फिल्म. तिच्यावरची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची. मीडियम फॉरमॅट कॅमेरे वापरतात १२० नंबरची फिल्म. कोडॅकनं ती १९०१ साली बाजारात आणली आणि ती आजही मिळते. रुंदीला साधारण सहा सेंटिमीटर. तिच्यावर चौकोनी सिक्स बाय सिक्स फ्रेम काढल्या तर एका रोलमध्ये १२ बसतात. ६४५ कॅमेऱ्यात १५-१६, सिक्स बाय सेव्हनमध्ये १० आणि सिक्स बाय नाइनमध्ये फक्त आठ. चौकोनी फ्रेमचं क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या साडेतीनपटीहून जास्त. म्हणून तपशील भरपूर, छटा मऊ, मोठी प्रिंट काढली तरी फोटो फाटत नाही.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटत असेल तर घरातला जुना अल्बम उघडा. काळ्या जाड पानांवर चिकटवलेले, पांढऱ्या किनारीचे ते चौकोनी कृष्णधवल फोटो दिसतात ना? त्यातले बरेचसे याच १२० फिल्मवरचे असणार. आपल्याकडे एके काळी घरोघरी पोचलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा साधासुधा कॅमेरा याच फिल्मवर १२ चौकोनी फोटो काढायचा. ऊन, ढग अशा दोन-तीन खुणांपलीकडे त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. मुंज, बारसं, माथेरानची सहल असं सगळं त्या बारांत बसवायचं. म्हणजे बारा फ्रेम जपून वापरायची सवय आपल्या घरांना नवी नाही. मधल्या काळात ती सुटली, इतकंच.

याच घराण्यातला वरच्या दर्जाचा कॅमेरा म्हणजे जर्मनीतला रोलिफ्लेक्स. पहिला रोलिफ्लेक्स आला १९२९ साली. वर-खाली दोन लेन्स, वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघणार. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, हाच कॅमेरा गळ्यात अडकवून दिल्लीत वावरल्या. त्याच काळात त्यांनी स्वातंत्र्य मिळतानाचा भारत टिपला. त्या काळचा फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, मग काढून नवा लावायचा. रोल बाराचा. समोर नेहरू, माउंटबॅटन, तुडुंब गर्दी, आणि 'सर, वन मोअर' म्हणायची सोय नाही. अशा वेळी फोटो काढायचा तर समारंभ सुरू होण्याआधीच बऱ्याच गोष्टी डोक्यात ठरलेल्या असाव्या लागतात.

आता डिजिटल मीडियम फॉरमॅटही आहे. हॅसलब्लाडचा एक्सवनडी २०१६ साली आणि फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस २०१७ साली आला. त्यांचा सेन्सर साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटरचा, म्हणजे १२० फिल्मच्या चौकोनापेक्षा बराच लहान, पण फुलफ्रेमच्या दीडपटीहून मोठा. किंमत लाखांत. त्याविषयी पुढे बोलूच.

मीटरला जग राखाडी दिसतं

एक्स्पोजरचा हिशोब तीन गोष्टींचा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, शटर स्पीड म्हणजे किती वेळ उघडं आणि आयएसओ म्हणजे फिल्म किंवा सेन्सर प्रकाशाला किती हळवा. फिल्मवर आयएसओ रोल भरला तेव्हाच ठरतो. उरतात दोन. 'ए' मोडमध्ये अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा. 'एस'मध्ये उलटं. 'पी'मध्ये दोन्ही कॅमेरा ठरवतो. 'एम'मध्ये दोन्ही तुम्ही. (कॅननवाल्यांनी 'ए'ला 'एव्ही' आणि 'एस'ला 'टीव्ही' वाचावं.) इथवरचं सगळ्यांना पाठ असतं. परीक्षेत आलं तर पैकीच्या पैकी.

घोळ होतो तो पुढे. तुम्ही कुठलाही मोड लावा, कॅमेऱ्यातला मीटर एकाच समजुतीवर चालतो. समोर जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी आहे, ही ती समजूत. तो प्रकाश मोजतो आणि समोरचं दृश्य त्या राखाडी छटेवर आणून बसवतो. बहुतेक वेळा हे जमून जातं, कारण बहुतेक दृश्यांची सरासरी तशीच असते. पण आषाढातल्या वारीत जा. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. मीटरला वाटतं, अरेच्चा, फारच उजेड झाला! तो प्रकाश कापतो आणि धुतलेली धोतरं मळकी दिसतात. आता उलट टोक घ्या. पावसाळ्यात भिजलेला सह्याद्रीचा काळा कातळ. मीटरला वाटतं, अंधार आहे. तो प्रकाश वाढवतो आणि कातळाचा काळेपणाच जातो.

म्हणून चकतीपेक्षा महत्त्वाचं एक साधं बटण आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणेचं. पांढऱ्या दृश्यात एक ते दीड स्टॉप अधिक, काळ्या दृश्यात साधारण एक स्टॉप उणे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ऐकायला उलटं वाटतं, पांढऱ्याला आणखी उजेड कशाला? पण तुम्ही मीटरची समजूत दुरुस्त करताय. 'ए' किंवा 'पी' मोडवर राहून ज्यानं हे अधिक-उणे विचारपूर्वक केलं, त्यानं काटा मध्यावर आणणाऱ्या मॅन्युअलवाल्यापेक्षा जास्त 'मॅन्युअल' काम केलं.

हा प्रश्न माणसांच्या चेहऱ्यांपाशी जास्त टोकदार होतो. १९५०च्या दशकापासून कोडॅक फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक छापील नमुना पुरवायचं. त्यावर गोऱ्या तरुणीचा फोटो असायचा आणि तो 'शर्ली कार्ड' या नावानं ओळखला जायचा. रंग बेतायचे ते त्या गोऱ्या कातडीवर. गडद वर्णाच्या माणसांचे चेहरे त्या मापात नीट बसत नसत. आज लॅब बदलल्या, फिल्म सुधारल्या, पण कुणीतरी ठरवलेलं 'प्रमाण' आपल्या फोटोत गुपचूप शिरायचं थांबलेलं नाही. खूप सावळ्या चेहऱ्याचा जवळून फोटो काढा, मीटर त्याला उचलून राखाडीवर नेतो आणि चेहरा आहे त्यापेक्षा उजळ येतो. फोनमधली सॉफ्टवेअर्स तर त्याहून उत्साही. आजीचा चेहरा 'मस्त उजळ' आला म्हणून घरचे खूश होतात. पण तो रंग आजीचा राहिला का? सुरकुत्यांमधली सावली गेली, नाकातल्या नथीची चमक पसरट झाली, आणि आपण म्हणतो, छान आलाय फोटो.

इथं अर्धा ते एक स्टॉप उणे करायचा की नाही, हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण तेवढाच नाही. आपल्या माणसांचा खरा रंग कोणता आणि तो तसाच दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवताय. उलट, मागे चमकतं आभाळ आणि पुढे सावळा माणूस असेल तर सरासरी काढणारा मीटर त्याचा चेहरा पार काळवंडून टाकतो. तिथं स्पॉट मीटरनं चेहरा मोजा, आभाळ पांढरं पडलं तरी पडू द्या. दोन्हीकडे नियम वेगळा, पण पहिला प्रश्न तोच. या फोटोत काय नीट दिसायलाच हवं?

कुठे कुठला मोड

आता वाटणीकडे येऊ. मीडियम फॉरमॅटवर पोर्ट्रेट काढताना बहुतेक वेळा 'ए' शहाणपणाचा. कारण फ्रेम मोठी झाली की फोकसची पट्टी अरुंद होते. सिक्स बाय सिक्स कॅमेऱ्यावर ८० मिलिमीटरची लेन्स 'नॉर्मल' समजली जाते. तिनं एफ २.८ वर एक मीटर अंतरावरून चेहरा टिपलात तर नीट फोकसमध्ये असणारी जागा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. डोळे स्वच्छ, कान धूसर. फोकस करून झाल्यावर तुम्ही श्वास सोडताना किंचित पुढे झुकलात तरी डोळेही गेले. त्यामुळे अ‍ॅपर्चर स्वतःच्या हातात ठेवायचं. एकट्या चेहऱ्याला एफ ४ किंवा ५.६ द्या, ग्रुप फोटोला एफ ८ ते ११. इन्स्टावर बघितलं म्हणून दहा जणांच्या ग्रुपला एफ २.८ लावाल, तर पुढच्या रांगेतले मित्र राहतील आणि मागच्या रांगेतले दुखावतील.

'ए'वर असताना शटर कुठे घसरतंय यावर मात्र नजर हवी. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना आडाखा असा, की लेन्सच्या मिलिमीटरइतक्या भागापेक्षा मंद जाऊ नये. म्हणजे ८० मिलिमीटरला निदान १/१२५ सेकंद. मोठ्या एसएलआर मीडियम फॉरमॅटचा आरसा 'धाड्‌' करून उचलला जातो, त्याचा हादरा वेगळाच. आणि दहा कोटी पिक्सेलच्या डिजिटल कॅमेऱ्यात तर हाताची सूक्ष्म थरथरही मोठी होऊन दिसते. तिथं एक-दोन स्टॉप वेगवान राहिलेलं बरं, नाहीतर ट्रायपॉड.

हालचाल हाच विषय असेल तेव्हा 'एस'. रिंगणात अश्व धावतोय, दहीहंडीचा थर कोसळतोय, मैदानात कबड्डीची पकड होतेय. १/५०० सेकंदावर क्षण गोठतो. उलट, लोकलसोबत कॅमेरा फिरवून १/३० वर पॅन केलंत तर डबा स्थिर आणि स्टेशन रेषारेषांचं होतं. दोन्ही बरोबर. पण वेग तुम्ही ठरवायचा. फक्त उजेड कमी असेल तर कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर उघडून उघडून संपतं. आकडा लुकलुकायला लागला की समजायचं, लेन्सनं हात टेकले.

मग 'एम' कधी? जेव्हा प्रकाश स्थिर आहे, पण मागची पार्श्वभूमी बदलतेय. उत्तम उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे, एकांकिका. पुरुषोत्तम करंडकाची तालीम असो की प्रत्यक्ष प्रयोग, मागे काळा पडदा आणि पुढे नटावर स्पॉट. सरासरी काढणारा मीटर काळ्या पडद्याला घाबरतो, उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक. नट दोन पावलं चालला, मागे पांढरी लेव्हल आली, की एक्स्पोजर पुन्हा उलटं. स्पॉट मात्र तोच आहे! चेहरा एकदा मोजा, मॅन्युअलवर बसवा आणि मग आकड्यांचा विचार सोडून नाटक बघा. स्टुडिओ फ्लॅशलाही 'एम'च हवा, कारण जो उजेड अजून पडलेलाच नाही तो कॅमेऱ्यातला मीटर मोजणार कसा?

आणि बिचारा 'पी'? त्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही. १९८४ साली आलेल्या पेंटॅक्स ६४५नं मीडियम फॉरमॅटवर प्रोग्रॅम मोड दिला, तो काही नवशिक्यांची कीव येऊन नव्हे. काही वेळा तुमचा सगळा जीव समोरच्या माणसात गुंतलेला असतो. वडील कधी नव्हे ते मोकळं हसतात, निरोप समारंभात एखादा प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसतो. तिथं अ‍ॅपर्चरची चर्चा करत बसलात तर क्षण निघून जातो. यंत्रावर सोपवणं हाही निर्णयच आहे, फक्त तो जाणूनबुजून घेतलेला हवा. फुजीच्या जीएफएक्स ५०एसवर तर ती मोडची चकतीच नाही. लेन्सच्या रिंगवर आणि शटरच्या डायलवर एकेक 'ए' आहे. जी गोष्ट सोपवायची तिला 'ए'वर ठेवा, जी हातात हवी ती बाहेर काढा. वाटणीचा हा हिशोब याहून सरळ मांडता येणार नाही.

चंद्रावरची शिदोरी

मोड आणि सवय यांचं नातं समजून घ्यायला थोडं लांब जाऊ, थेट चंद्राकडे. अपोलो मोहिमांमधले गाजलेले बरेच फोटो हॅसलब्लाड या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यावरचे आहेत. १९६९ साली अपोलो ११चे अंतराळवीर चंद्रावर उतरले तेव्हा कॅमेरा त्यांच्या छातीपाशी बसवलेला होता. जाड हातमोजे, डोक्यावर हेल्मेट, व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची सोय नाही. सगळं मॅन्युअल. मग एक्स्पोजर कसं ठरलं? उन्हात किती, सावलीत किती, या सूचना फिल्मच्या मॅगझिनवरच चिकटवलेल्या होत्या. म्हणजे विचार जमिनीवर करून झाला होता आणि चंद्रावर उरली होती फक्त अंमलबजावणी. त्या फोटोंत आभाळात तारे दिसत नाहीत त्याचं कारणही हेच. एक्स्पोजर उन्हातल्या जमिनीसाठी आणि पांढऱ्या पोशाखांसाठी बेतलेलं, त्यात मंद तारे उमटणार कुठून? काय दिसायला हवं हे ठरलं, की काय सोडायचं हेही ठरतं.

त्याआधीचा किस्सा अपोलो ८चा. २४ डिसेंबर १९६८. चंद्राभोवती फिरताना खिडकीत अचानक पृथ्वी उगवताना दिसली. बिल अँडर्स यांच्या हातातल्या कॅमेऱ्यात तेव्हा कृष्णधवल फिल्म होती. त्यांनी घाईघाईनं रंगीत फिल्म मागून घेतली. यानातल्या संभाषणाची नोंद आहे. त्यात १/२५० सेकंद आणि एफ ११ हे आकडे बोलले गेलेत. सहकारी जिम लव्हेल एक्स्पोजर थोडं बदलूनही घ्यायला सांगतात आणि अँडर्स म्हणतात, घेतले, दोन काढलेत. 'अर्थराइज' म्हणून जगभर पोचलेला फोटो तो हाच. गडबड होती, आवाज चढले होते, पण आकडे जिभेवर होते आणि जास्तीची एक फ्रेम घ्यायची सवय बोटांत होती. घाईच्या क्षणी माणूस नवं काही शिकत नाही, तेव्हा कामाला येते ती सवय.

आपल्याला अशी कुठली शिदोरी बांधून घेता येईल? पहिली, जुना आणि भरवशाचा 'सनी सिक्स्टीन'. कडक ऊन असेल तर एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१२५. हलके ढग आले तर एफ ११, ढगाळ असेल तर ८, दाटून आलं तर ५.६, मोकळ्या सावलीत ४. मीटर नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर रंगीत निगेटिव्ह फिल्म चालवायला एवढं पुरतं. निगेटिव्ह थोडा जास्त उजेड पोटात घालते, कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. स्लाइड फिल्म आणि डिजिटल यांचं उलटं. तिथं उजळ भाग एकदा पांढरा पडला की तो परत येत नाही. म्हणून निगेटिव्हवर सावल्या सांभाळा, डिजिटलवर उजेड.

दुसरी सवय, दृश्याच्या आधी प्रकाश मोजायचा. गल्लीत शिरतानाच उन्हातलं एक आणि सावलीतलं एक रीडिंग डोक्यात ठेवा. माणूस समोर आल्यावर आकड्यांशी झटापट केली की तो अवघडतो, कॅमेऱ्याकडे बघून कसनुसं हसतो. तिसरी, कडा बघायच्या. आपण मध्यभागी बघून क्लिक करतो आणि कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची नंतर दिसते. रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात तर काचेवरचं दृश्य डावं-उजवं उलटं दिसतं. सुरुवातीला डोकं गरगरतं, पण त्यामुळेच नजर सावकाश सगळ्या चौकोनावरून फिरते. शिवाय कॅमेरा पोटाशी, मान खाली. समोरच्या माणसावर काहीतरी रोखल्यासारखं वाटत नाही, तोही सैलावतो.

चौथी, जास्तीची फ्रेम कुठे खर्च करायची हे ठरवायचं. प्रत्येक दृश्याच्या तीन-तीन फ्रेम घेतल्या तर बाराचा रोल चार दृश्यांत संपला. पण जे पुन्हा मिळणार नाही तिथं कंजुषीही नको. पाचवी सवय सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची, वही. फ्रेम नंबर, अ‍ॅपर्चर, शटर, उजेड कसा होता आणि काय मनात होतं, एका ओळीत. रोल धुऊन आल्यावर वही समोर ठेवून बघा. डिजिटलमध्ये आकडे फाइलमध्ये नोंदले जातात, पण 'काय मनात होतं' हे कुठलाही कॅमेरा नोंदवत नाही. आणि बाराही फ्रेम एका कागदावर शेजारी शेजारी छापून बघा, म्हणजे कॉन्टॅक्ट शीट. तिथं एकट्या हिट फोटोमागे लपता येत नाही. आपण कुठे घाई केली, कुठे एक पाऊल पुढे जायला बिचकलो, सगळं दिसतं.

पैशाचं काय?

हे वाचून कुणी घरी हप्त्यांवर डिजिटल मीडियम फॉरमॅटचा हट्ट धरू नये. रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग धरलं तर फिल्मवरचा एकेक क्लिकही कँटीनच्या वडापाव-चहाहून महाग पडतो. चौघांत मिळून एक जुना कॅमेरा, महिन्याला एक रोल, प्रत्येकाला तीन फ्रेम, असं केलं तरी शिकणं होतं. तीन फ्रेम मिळणार म्हटल्यावर माणूस किती विचार करतो ते बघाच. जुना कॅमेरा घेताना लेन्समधून टॉर्च मारून पाहा. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरलेलं असतं. शटर वेगवेगळ्या स्पीडवर उडवून आवाज ऐका. मंद स्पीड अडखळत असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा.

आणि हेही जमत नसेल तर खिशातला फोन आहेच. या रविवारी एक प्रयोग करा. दिवसभरात फक्त बारा फोटो. बर्स्ट नाही, खोडणं नाही, संध्याकाळपर्यंत गॅलरी उघडायची नाही. प्रत्येक वेळी स्क्रीनवर महत्त्वाच्या जागी बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून उजेड स्वतः ठरवा. हे तेच अधिक-उणेचं बटण. फोनचा नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करून रात्रीची संध्याकाळ करून टाकतो. कधी ते उपयोगाचं असतं. पण पावसाळी रात्री वीज गेलेल्या चाळीचा अंधार तुम्हाला अंधारच म्हणून हवा असेल, तर तो मागून घ्यावा लागतो. न मागता मिळते ती सरासरी.

आपल्या आसपासच्या कितीतरी गोष्टी सध्या शेवटच्या फ्रेममध्ये आहेत. पुनर्विकासाला निघालेली चाळ, बंद पडलेलं एकपडदा थिएटर, गावाकडचं मातीचं घर, आजीचे हात. पन्नास वर्षांनी कुणीतरी या फोटोंतून आजचा काळ बघणार आहे. त्याला आपल्या माणसांचा खरा रंग दिसावा, आपल्या रात्रींचा खरा अंधार दिसावा, की एखाद्या सॉफ्टवेअरला आवडलेला उजेड? हे 'एम' लावल्यानं ठरत नाही आणि 'पी' लावल्यानं बिघडत नाही. पुढच्या वेळी क्लबात कुणी विचारलं, 'कुठल्या मोडवर काढलास?' तर मोडचं नाव जरूर सांगा. पण तोच मोड का, हेही सांगता यायला हवं. ते 'का' सापडेपर्यंत बोट बटणावर टेकवून थांबायची तयारी असली, की बारा फ्रेम पुष्कळ होतात.